कुलवंस आणि धम्मदायाद : घराघरांतील धम्मकथा लिहिताना

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्ताचा आरंभ एका मुलाने पाळलेल्या पितृवचनाने होतो. राजगृहाचा गृहपतिपुत्र सिगाल भल्या पहाटे नगराबाहेर येऊन ओल्या वस्त्रांनी आणि ओल्या केसांनी सहा दिशांना हात जोडीत उभा आहे. हे कशासाठी, असे भगवंतांनी विचारले असता त्याचे उत्तर एवढेच की, वडिलांनी मरतेसमयी असे करावयास सांगितले होते. वडिलांनी ते का सांगितले, हे त्याला ठाऊक नाही. वडिलांकडून त्याला कृती मिळाली; तिच्या मागची कथा मात्र मिळाली नाही.

ही कथा अट्ठकथेत आली आहे आणि ती मोठी मार्मिक आहे. सिगालाचे आईवडील दोघेही धम्मात स्थिर झालेले होते; मुलगा मात्र अश्रद्ध निघाला. भिक्खूंच्या दर्शनाला चल म्हटले की तो म्हणे, वाकून वंदन केले की पाठ दुखते, गुडघ्यांना घट्टे पडतात, जमिनीवर बसल्याने वस्त्रे मळतात. आणि एकदा ओळख झाली की दान देणे आले, म्हणजे पैसा खर्च होणार. (आजच्या कोणत्याही विहाराच्या विश्वस्ताने हे संवाद ऐकले नसतील असे नाही.) जिवंतपणी मुलगा ऐकत नाही हे ओळखून वडिलांनी मृत्युशय्येवरून त्याला दिशावंदनाची आज्ञा केली, हेतू असा की, त्याला तसे करताना पाहून तथागत किंवा त्यांचा एखादा श्रावक त्याला थांबवील आणि धम्म सांगेल. पुढे तसेच घडले.

त्याच सुत्तात आईवडिलांविषयी पुत्राची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत कुलवंस टिकविणे आणि दायज्जाला, म्हणजे वारशाला, योग्य होणे ही दोन आहेत. या दोन शब्दांचा अर्थ आपण बहुधा वंशवृद्धी आणि मालमत्ता असा करतो. परंतु पालि वाङ्मयात ‘दायज्ज’ आणि ‘दायाद’ या शब्दांचा प्रवास पाहिला तर अर्थ त्याहून पुष्कळ विस्तारतो. मज्झिमनिकायातील धम्मदायाद सुत्तात तथागत भिक्खूंना आमिषाचे, म्हणजे भौतिक लाभाचे, वारस न होता धम्माचे वारस होण्यास सांगतात. महावंसात सम्राट अशोक, एवढे दान केल्यावर मी शासनाचा दायाद ठरतो काय, असे मोग्गलिपुत्त तिस्स थेरांना विचारतो. उत्तर मिळते की, दान देणारा हा पच्चयदायक होय. जो आपल्या पोटच्या मुलाला किंवा मुलीला संघात पाठवितो, तो दायाद. त्यानंतर महिंद आणि संघमित्ता यांची प्रव्रज्या झाली असे तो ग्रंथ सांगतो. या कथेची ऐतिहासिकता हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, लंकेच्या थेरवादी परंपरेने आपल्या देशातील धम्माचा इतिहास एका घराची कथा म्हणून लिहून ठेवला.

आपल्या घरांतील धम्मकथा कशा लिहाव्यात, हा प्रश्न अलीकडे विहारांच्या वर्षावास कार्यक्रमांतून आणि धम्मवर्गांतून वरचेवर विचारला जातो. त्याचे कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जी व्यक्ती पंधरा वर्षांची होती, तिने आज ऐंशी ओलांडली आहे. दीक्षेचा तो काळ कळत्या वयात पाहिलेली माणसे प्रत्येक वस्तीत आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तेव्हा लिहिले पाहिजे याविषयी दुमत नाही. पण कसे लिहावे याविषयी आपल्याच परंपरेत काही मार्गदर्शन सापडते, आणि ते आजच्या आपल्या सवयींच्या बरेचसे विरुद्ध जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम महाराष्ट्रातील लेण्यांकडे वळू. येथील बौद्ध कुटुंबांनी स्वतःविषयी लिहून ठेवलेला सर्वांत जुना मजकूर म्हणजे दानलेख होत. राजपुरीच्या खाडीजवळील कुडा येथील लेण्यांत, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील, एका लेखकाच्या घराण्याचे लेख आहेत. लेखक म्हणजे येथे दरबारी कारकून. महाभोज मांदव खंदपालित याच्या पदरी असलेला सिवभूति. त्याचे वडील सुलसदत आणि आई उतरदता अशी दोघांची नावे लेखात आहेत. दानात सहभागी असलेली पत्नी नंदा हीही आहे. तेथीलच दुसऱ्या लेण्यात त्याचा धाकटा भाऊ सिवम याचा लेख असून तो तर कुटुंबाची शिरगणतीच आहे. लेणे सिवमाचे, शिल्पकाम त्याची पत्नी विजया आणि चार मुलगे यांचे, खांब चार मुलींचे. मुलग्यांत एक सुलसदत आहे आणि मुलींत एक सुलसदता. आजोबांचे नाव नातू आणि नात दोघांकडे गेले आहे.

या लेखांचे वाचन करताना दरवेळी मला एका गोष्टीचे नवल वाटते. त्यांत विशेषणे जवळजवळ नाहीत. आम्ही किती श्रद्धाळू, आमचे पूर्वज किती थोर, असे कोणी म्हणत नाही. कोण, कोणाचा, कोणाची, काय दिले, एवढेच. मुलींचा वाटा मुलींच्या नावावर आहे. पितळखोऱ्याला राजवैद्य मगिल याच्या घरचे लेख असेच. त्याचे दान वेगळे, मुलीचे वेगळे, मुलाचे वेगळे, आणि मगिल स्वतःची ओळख वच्छीचा पुत्र अशी आईच्या नावाने सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्याच्या मुलीचे नाव आपल्याला माहीत आहे. आपल्या पणजीचे नाव किती जणांना सांगता येईल?

याच्या अगदी उलट प्रकृतीचा एक लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. तीन क्रमांकाच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा हा लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातील. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतून तो गौतमीपुत्र सातकर्णीची प्रशस्ती म्हणून येतो. पण तो लिहविणारी व्यक्ती कोण हे पाहिले तर तो एका आजीने नातवाच्या कारकिर्दीत सांगितलेली आपल्या दिवंगत मुलाची कथा आहे. आपण महाराजाची माता आणि महाराजाची आजी आहोत, हे ती आवर्जून नोंदवते. लेणे तिने भदायनीय निकायाच्या भिक्खुसंघाला दिले, आणि नातवाने आजीला संतोष व्हावा म्हणून त्या लेण्यासाठी एक गाव दिले. श्रद्धा, कुटुंब, पुढची पिढी हे सर्व घटक या एका लेखात आहेत.

आणि तरीही या लेखाने आपल्याला सावध केले पाहिजे. भिक्खुसंघाला दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर मुलाची थोरवी गाताना माता ज्या गोष्टी सांगते, त्यांत चातुर्वर्ण्याचा संकर थांबविल्याची गोष्ट अभिमानाने आली आहे. राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्याशी त्याची तुलना आहे. दान तथागतांच्या संघाला आणि गौरवाची भाषा मात्र दुसऱ्याच व्यवस्थेची! तिच्या दानभावनेविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु घरातल्या माणसाला मोठे करून सांगावयाचे म्हटले की, त्या काळी मोठेपणाची जी तयार मापे बाजारात असतात तीच हाती येतात, आणि ज्या धम्मासाठी आपण लिहावयास बसलो तो बाजूला राहतो. कुड्याच्या कारकुनाच्या घराला हा मोह पडला नाही. कदाचित त्याच्याजवळ सांगण्यासारखा पराक्रम नव्हता म्हणूनही असेल.

आता ग्रंथांकडे. पालि साहित्यात कुटुंबकथा विपुल आहेत. सारिपुत्त थेरांच्या घराची कथा घ्या. ही सात भावंडे. चुंद, उपसेन, रेवत हे भाऊ आणि चाला, उपचाला, सीसूपचाला या बहिणी यांसह सर्वांनी प्रव्रज्या घेतली. एखाद्या आधुनिक चरित्रकाराने येथे संपूर्ण कुटुंब धम्ममय झाल्याचे सांगून प्रकरण संपविले असते. अट्ठकथाकार तसे करीत नाहीत. या मुलांची आई धम्माच्या विरोधात होती, हे ते लपवून ठेवत नाहीत. धाकटा रेवत तरी हाती राहावा म्हणून वयाच्या सातव्या वर्षीच त्याचे लग्न लावण्याचा घाट घरात घातला गेला आणि तो वाटेतूनच निसटला, हेही सांगतात. पुढे सारिपुत्त भिक्षेसाठी घरी आले तेव्हा आईने वाढता वाढता त्यांना शिव्या दिल्या. एवढी संपत्ती सोडून लोकांचे उष्टे खाण्यासाठी गेलास, आमचे घर बुडविलेस, असे ती म्हणाली. सारिपुत्त काही बोलले नाहीत. राहुलाने हा प्रकार पाहिला आणि परत आल्यावर भगवंतांच्या कानावर घातला. अखेरीस परिनिर्वाणापूर्वी सारिपुत्त आपल्या जन्मगावी, जन्माच्याच खोलीत येऊन राहिले आणि तेथे आईला धम्म उमगला, असे परंपरा सांगते.

त्या आईच्या शिव्या गाळल्या असत्या तर त्या अखेरच्या भेटीचा अर्थ कोणाला कळला असता?

विनयपिटकातील राहुलाच्या प्रव्रज्येची कथा याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आईच्या सांगण्यावरून बालक राहुल पित्याकडे दायज्ज मागतो. पिता सारिपुत्तांना त्याला प्रव्रज्या देण्यास सांगतात. कथा येथे संपत नाही. शुद्धोदन येतात. मुलगा गेला, नंद गेला, आता नातूही गेला. पुत्रप्रेम कातडी, मांस, हाडे भेदून मज्जेपर्यंत पोहोचते, अशा अर्थाचे ते बोलतात आणि मागणी करतात की, यापुढे आईवडिलांच्या संमतीवाचून कोणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये. भगवंत ती मान्य करतात, आणि तो नियम होतो. एका आजोबांचे दुःख विनयात जसेच्या तसे नोंदले गेले. बुद्धाच्या निर्णयावर घेतलेली हरकत म्हणून ते वगळले गेले नाही.

वड्ढ आणि त्यांची आई यांच्या गाथाही आठवतात. आईच्या गाथा थेरीगाथेत आहेत, मुलाच्या थेरगाथेत. आईने मुलाला तृष्णेच्या जंगलात पुन्हा अडकू नकोस असे बजावले, आणि मुलाने आईच्या या बोलाला चाबकाची उपमा देऊन तिचे ऋण मान्य केले. एकाच घरातील संवादाच्या दोन बाजू दोन ग्रंथांत जपल्या गेल्या.

विसाव्या शतकाकडे येऊ. १९५१च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात सुमारे अडीच हजार बौद्ध होते. १९६१मध्ये ही संख्या २७ लाख ८९ हजारांवर गेली. एवढ्या मोठ्या परिवर्तनाची साधने कोणती? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भाषणे व ग्रंथ, वृत्तपत्रे, शासकीय कागदपत्रे आणि आत्मकथने. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८चे. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ ही दोन्ही पुस्तके १९८६मध्ये आली. वसंत मून यांचे ‘वस्ती’ १९९५मध्ये. मराठी साहित्याने या लेखनाचा योग्य तो सन्मान केला आहे. परंतु समीक्षकांनी त्यांत दुःख आणि विद्रोह जितका शोधला, तितका श्रद्धेचा पालट शोधला नाही. देव्हारा रिकामा झाल्यावर त्या कोनाड्यात काय ठेवले गेले, पहिली पौर्णिमा घरात कशी पाळली, वंदना कोणी व कोणत्या कागदावरून पाठ केली, पहिले लग्न कोणत्या विधीने लागले, अंत्यविधीला जमलेल्या नातेवाइकांचा वाद कसा मिटला, हा मजकूर आत्मकथनांत विखुरलेला आहे. पुष्कळसा तर अजून लिहिलाच गेलेला नाही. स्त्रियांच्या बाबतीत ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथासाठी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन केवढे मोठे काम केले, हे जाणकारांस सांगणे नको. ते काम घराघरांत पुढे नेण्यासाठी फार मोठी साधनसामग्री लागत नाही.

मात्र येथे एक अडचण आहे. गेली काही वर्षे अशा वह्या वाचण्याचा योग मला विद्यार्थ्यांमुळे येतो. त्यांतील बहुतेकींचे पहिले पान सारखेच असते. आजोबा बाबासाहेबांचे निष्ठावान अनुयायी होते. ते नागपूरला गेले. त्यांनी दीक्षा घेतली. घरी येऊन देव नदीत सोडले. सर्व कुटुंब धम्ममय झाले. हे सर्व खरे असू शकते, आणि अनेक घरांत ते शब्दशः खरे आहे. परंतु वही मिटल्यावर आजोबा कोण होते, हे मला कळलेले नसते.

हे मी इतरांना सांगतो, म्हणून स्वतःच्या घराविषयी सांगणे भाग आहे. आमच्या घरातही हीच कथा होती. आजोबा नागपूरला होते, असे वडील सांगत आणि मीही सभांतून ते सांगत आलो. काही वर्षांपूर्वी आत्यांजवळ बसून वंशावळ लिहीत असताना मी सहज विचारले, “आत्या, आजोबा नागपूरला कोणाबरोबर गेले होते?” आत्या म्हणाल्या, “कोण, तात्या? तात्या कुठं गेलेत नागपूरला! गाडीभाड्याला पैसा कुठं होता? आम्ही सगळ्यांनी तालुक्याला घेतली दीक्षा. ज्वारी काढायची चालली होती. बाबासाहेब गेले होते तवा. माणसं दीक्षा घेत होती आन् रडत होती.”

म्हणजे १९५७चा आरंभ, माघ-फाल्गुनाचा सुमार. आत्या त्या वेळी दहा-अकरा वर्षांच्या होत्या. त्यांना ज्वारी आठवते, आईने धुऊन दिलेले एकच पांढरे लुगडे जावांनी आळीपाळीने नेसल्याचे आठवते, वाटेत पायांत मोडलेला काटा आठवतो. वडिलांना यांतले काही आठवत नव्हते. ते तेव्हा पाळण्यात होते. नागपूरची गोष्ट त्यांच्या मनात कोठून आली, हे आता सांगता येत नाही. त्यांनी खोटे सांगितले असे मी मानत नाही. पोराने बापाला त्या मैदानावर उभे केले, इतकेच. बलश्रीने मुलाला भीमार्जुनांच्या रांगेत उभे केले, त्याच जातीची ही माया.

आणखी एक गोष्ट आत्यांनी आवाज खाली करून सांगितली. देव सोडले तेव्हा आजीने एक टाक काढून ठेवला होता. धान्याच्या कणगीत, तळाशी, फडक्यात गुंडाळून. लेकरू आजारी पडले की ती रात्री कणगीत हात घालून बसे. हे आजोबांना माहीत होते की नाही, यावर आत्या काही बोलल्या नाहीत. “हे नको लिहूस,” एवढे मात्र म्हणाल्या. मी बराच काळ लिहिले नाही. बावीस प्रतिज्ञांचा आमच्या घरी रोज उच्चार होई. त्या घराच्या कणगीत टाक होता, हे कोणत्या तोंडाने सांगावे, असे वाटे. पुढे सारिपुत्तांच्या आईची अट्ठकथा वर्गात शिकविताना माझा हा संकोच गेला. मी आत्यांना ती कथा सविस्तर सांगितली. ऐकून त्या म्हणाल्या, “त्या आईचं लिवून ठेवलं का त्यांनी? मग लिही माझ्या आईचंबी. पण पुढचंबी लिही.”

पुढचे असे : गावातील पहिली मुलींची वंदना आजीच्या ओसरीवर पाठ करून घेतली गेली. तिला अक्षरओळख नव्हती. कानाने ऐकून तिने त्रिसरण-पंचशील पाठ केले, आणि चुकणाऱ्या मुलीला ती पहिल्यापासून म्हणावयास लावी. भाणकांची परंपरा याहून फार वेगळी नसावी. कार्ल्याच्या चैत्यगृहात एक स्तंभ सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने दिला आहे. ग्रंथ मुखोद्गत ठेवून सांगणारा तो भाणक. त्याच्या लेखासमोर उभे राहिले की मला आता आमची ओसरी दिसते.

लिहू इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना करून थांबतो. स्त्रियांची नावे माहेरच्या नावागावासह प्रथम लिहावीत. ती सर्वांत आधी पुसली जातात. तारीख ठाऊक नसल्यास पीक, सण, पाऊस, गावातील एखादी घटना नोंदवावी. त्यावरून वर्ष काढता येते. १९५८च्या कायद्याने महारवतन संपले, तेव्हा घरात कोणाला आनंद झाला आणि कोणाला जमिनीची काळजी वाटली, हे विचारावे. शाळेच्या दाखल्यावर काय लिहिले, जनगणनेच्या वेळी काय सांगितले आणि १९९०च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्यावर कोणता कागद बदलला, यांचाही धम्माच्या इतिहासात समावेश होतो. सांगणाऱ्याची बोली बदलू नये. आणि दोन माणसांनी दोन प्रकारे सांगितले, तर दोन्ही लिहावे. अट्ठकथाकार असे मतभेद आले की ‘केचि’, म्हणजे कित्येक, आणि ‘अपरे’, म्हणजे दुसरे, असे म्हणून दोन्ही पाठ देतात. आपले मत असल्यास ते नंतर सांगतात.

आमच्या वहीत आता तसेच आहे. एका ओळीत, वडिलांच्या सांगण्याप्रमाणे नागपूर, १९५६. तिच्या खाली, आत्यांच्या सांगण्याप्रमाणे तालुक्याचे गाव, १९५७, ज्वारीच्या काढणीचे दिवस. टाकाची गोष्ट स्वतंत्र पानावर आहे. माझ्या पुतणीने ते पान वाचून विचारले की, तो टाक पुढे कुठे गेला. आत्यांना फोन लावला. कणगी मोडली तेव्हा तो सापडला, असे त्या म्हणाल्या. आजीने स्वतःच तो सोनाराकडे नेऊन मोडला आणि आलेल्या पैशांतून ओसरीवर जमणाऱ्या मुलींसाठी पाट्या आणि पेन्सिली आणल्या. किती पाट्या, हे पुतणीने विचारले. आत्यांना आकडा आठवला नाही. ती जागा तिने वहीत कोरी ठेवली आहे.